कुत्र्याचें हृदय आणि माणसाचें ऋण

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत देवगांव फाटा या नांवाचें एक ठिकाण आहे. मंठ्याकडचा, जिंतुराकडचा आणि सेलूकडचा असे रस्ते तेथें एकत्र येतात, आणि ज्याला ज्या दिशेस जावयाचें असेल तो तेथून त्या दिशेस वळतो. मराठी मुलखांतील कोणत्याहि फाट्यावर चहाचीं दुकानें, गाडीची वाट पाहणारीं माणसें आणि त्यांच्या पायांशीं पडलेलीं कुत्रीं या तीन गोष्टी बहुधा दृष्टीस पडतातच. त्यांतील एखादें कुत्रें कोणा कुटुंबानें आपलें म्हटलें, त्याला नांव दिलें, ओसरीवर जागा दिली, आणि दहा-अकरा वर्षांनीं तें रात्रीं-अपरात्रीं खोकूं लागलें, चार पावलें चालून बसूं लागलें, तर त्या कुटुंबानें काय करावें? ज्याला खेड्यांतील माणूस ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतो, त्याची पायरी तो बैलासाठीं निःसंकोच चढतो. कुत्र्यासाठीं चढतांना मात्र चार लोक हसतील कीं काय, असें त्याच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आणि तेथील डॉक्टरांनीं छातीला नळी लावून, “याच्या हृदयांत दोष आहे,” असें सांगितलें, म्हणजे तर घरच्या मंडळींना नवलच वाटतें. कुत्र्याला आणि हृद्रोग!

या नवलाच्या मागें मोठा इतिहास आहे. माणसाला स्वतःच्या हृदयाविषयीं आज जें कांहीं कळतें, त्याचा फार मोठा भाग तो कुत्र्याच्या हृदयावरून शिकला. ज्याच्याकडून विद्या घेतली त्यालाहि तोच रोग होतो, हें त्याच्या ध्यानांत उशिरां आलें. आणि त्या विद्येचा लाभ त्याला करून द्यावा ही बुद्धि तर त्याहूनहि उशिरां झाली.

कुत्र्याची आठवण आपल्या परंपरेनें ठेविली नाहीं, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराज बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथांत चढण्याचें नाकारतो. दत्तात्रेयाच्या चित्रांत पायांशीं चार कुत्रे असतात; खंडोबाच्या उपासनेंतहि कुत्र्याला मान आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें छत्रपति शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधि दाखवितात, आणि वाघापासून त्यानें महाराजांचे प्राण वांचविले अशी कथा सांगतात. परंतु हा सर्व गौरव त्याच्या इमानाचा आहे. त्याच्या देहाच्या सुखदुःखाचा विचार त्यांत फारसा नाहीं. धनगराचा कळप, शेतकऱ्याचें खळें किंवा वाड्याचा दरवाजा राखणारें कुत्रें उघड्यावर राही आणि उघड्यावरच मरे. सांथीच्या रोगानें, पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यानें, लांडग्याशीं झालेल्या झुंजीनें, आणि पुढें मोटारीखालीं सांपडून तें लवकर जाई. हृदयाच्या पडद्यांचा रोग हा बहुधा उतारवयांतील रोग. ज्याला उतारवयच लाभलें नाहीं, त्याच्या ठिकाणीं तो दिसणार तरी कसा? कुत्रें अंगणांतून माजघरांत आलें, त्याला पोटभर अन्न, निवारा आणि रोगप्रतिबंधक लस मिळूं लागली, तेव्हां त्याला म्हातारपण आलें; आणि म्हातारपणाबरोबर त्याचा हृद्रोगहि माणसाच्या डोळ्यांपुढें आला.

शास्त्रज्ञांची दृष्टि मात्र कुत्र्याच्या हृदयाकडे फार पूर्वींच वळली होती. गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचें मत युरोपांत सुमारें चौदाशें वर्षें प्रमाण मानलें जात होतें. रक्त यकृतांत उत्पन्न होतें आणि शरीरभर जाऊन तेथें खर्ची पडतें, असें तें मत. इंग्लंडांतील विल्यम हार्वे या वैद्यानें १६२८ सालीं हृदय व रक्त यांच्या गतीविषयीं लॅटिन भाषेंत एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध करून त्या मताचा पाया उखडला. जिवंत प्राण्याचें हृदय इतक्या त्वरेनें हलतें कीं, त्यांत आकुंचन कोणतें आणि प्रसरण कोणतें हेंच उमगत नाहीं, ही त्याची पहिली अडचण. म्हणून त्यानें बेडूक, साप, मासे यांचीं सावकाश चालणारीं हृदयें पाहिलीं, आणि कुत्रा, डुक्कर अशा प्राण्यांचें हृदय मरतेसमयीं मंद होत जातांना न्याहाळलें. मग त्यानें हिशेब मांडला. एका ठोक्यास बाहेर पडणारें रक्त अगदीं थोडें धरलें, तरी अर्ध्या तासांत हृदयांतून जाणारें रक्त सबंध देहांतील रक्ताहून अधिक भरतें. तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे, आणि हृदयांतील पडदे त्याला एकाच दिशेनें जाऊं देत असले पाहिजेत. पुढील सारें हृदयशास्त्र या सिद्धांतावर उभें आहे. गुंगी आणणारें औषध त्या काळीं नव्हतें, ही गोष्ट हार्वेची थोरवी गातांना विसरतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें औषध आलें. पण प्रश्न मिटला नाहीं. १९०३ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघां शास्त्रज्ञांनीं एका तपकिरी कुत्र्यावर विद्यार्थ्यांसमक्ष प्रयोग केले. कुत्र्याला पुरेशी गुंगी दिली नव्हती, असा जाहीर आरोप झाला. बेलिसनें अब्रुनुकसानीची फिर्याद केली व ती जिंकली. तरी लोकांचा क्षोभ शमला नाहीं. १९०६ सालीं बॅटरसी भागांत त्या कुत्र्याचें स्मारक उभें राहिलें, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनीं त्यावरून दंगे केले, आणि १९१० सालीं पोलिसांच्या बंदोबस्तांत तें रातोरात काढून नेण्यांत आलें. त्याच स्टार्लिंगनें पुढील कांहीं वर्षांत कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग करून एक नियम मांडला. हृदयाचा स्नायु भरतेवेळीं जितका अधिक ताणला जाईल, तितक्या अधिक जोरानें तो आकुंचन पावतो. मात्र हें एका मर्यादेपर्यंतच. पडदा गळका झालेलें हृदय वर्षानुवर्षें आपलें काम कसें निभावून नेतें, आणि मग एके दिवशीं एकाएकीं कसें थकतें, याचा खुलासा या नियमांत सांपडतो. “कालपर्यंत तर हा उड्या मारीत होता!” असें म्हणून आजारी कुत्र्याचा धनी ज्या कोड्यांत पडतो, तें कोडें अशा रीतीनें दुसऱ्या कुत्र्यांच्याच हृदयांनीं उलगडून दिलेलें आहे.

या इतिहासांत एक हंसरें पानहि आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांतील ऑगस्टस वॉलर यानें १८८७ सालीं माणसाच्या हृदयांतून निघणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह, छाती न उघडतां, बाहेरूनच टिपून दाखविला. त्याच्याकडे जिमी नांवाचा एक बुलडॉग होता. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पंजे बुडवून हा जिमी शांतपणें उभा राही, आणि त्याच्या हृदयाची वीज यंत्रावर दिसे. १९०९ सालीं रॉयल सोसायटींत हा प्रयोग दाखविल्यावर, हा क्रूरपणा नव्हे काय, असा प्रश्न थेट पार्लमेंटांत विचारला गेला. गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनीं, तें केवळ मिठाचें पाणी होतें, समुद्रांत डुंबतांना कुत्र्याला जेवढा त्रास होईल तेवढाच येथें झाला, अशा आशयाचें उत्तर दिलें. हॉलंडांतील आइन्टहोव्हन यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं या कामासाठीं फार नाजूक यंत्र सिद्ध केलें व १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. आज दवाखान्यांत हातापायांना तारा लावून जो कार्डिओग्राम काढतात, त्याच्या जन्मकथेंत जिमीचे ओले पंजे आहेत.

यापुढील पाऊल शस्त्रक्रियेचें. हृदयाच्या जन्मजात दोषामुळें निळ्या पडणाऱ्या बालकांना वांचविण्याचा मार्ग अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत हेलन टाउसिग या विदुषीनें सुचविला. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेंतील विव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकानें तो कुत्र्यांवर पुनःपुनः करून पाहिला, आणि २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं ब्लॅलॉक यांनीं तो एका बालिकेवर यशस्वी केला. त्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगलेली पहिली कुत्री ॲना हिचें तैलचित्र पुढें त्या संस्थेंत लावण्यांत आलें. हीच परंपरा मुंबईसहि आली. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास कुत्र्यांवर करीत होते. ३ डिसेंबर १९६७ रोजीं केपटाऊन येथें डॉ. बर्नार्ड यांनीं जगांतील अशी पहिली मानवी शस्त्रक्रिया केली, आणि अवघ्या अडीच महिन्यांनीं, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, डॉ. सेन यांनीं ती परळांत केली. रोगी कांहीं तासच जगला. तथापि भारतांतील हृदयरोपणाचा हाच पहिला प्रयत्न होय.

योगायोग असा कीं, कुत्र्याच्या ऋणाची फेड ज्या दारांतून सुरू झाली, तें दारहि परळांतच आहे. मुंबई सरकारच्या पोलिसांनीं भटक्या कुत्र्यांची कत्तल चालविली, तेव्हां ६ जून १८३२ रोजीं पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली. त्यांच्या धर्मांत मृताला कुत्र्याचें दर्शन घडविण्याचा ‘सगदीद’ नांवाचा विधि आहे. तेव्हां तो संताप केवळ भूतदयेचा नव्हता, धर्मश्रद्धेचाहि होता. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं, दंगा झाला, लष्कर आलें. पुढें १८७४ सालीं मुंबईंत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दात्याच्या देणगींतून, त्यांच्या पत्नीच्या नांवें, बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाचा पाया १८८३ सालीं घातला गेला, आणि त्याच्याच आश्रयानें १८८६ सालीं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. जेम्स स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत.

परंतु तेथेंहि आरंभीं मान होता तो घोड्याला आणि बैलाला. मुंबईची ट्राम १८७४ पासून घोडे ओढीत असत, आणि विजेची ट्राम १९०७ सालीं आली. पलटणीचें बळ घोड्यावर, शेतीचें बळ बैलावर. ज्या जनावराच्या आजारानें काम अडतें त्याचा वैद्य आधीं निर्माण व्हावा, हें व्यवहाराला धरूनच होतें. कुत्र्याच्या आजारानें कोणाचें काय अडणार? त्यामुळें त्याच्या हृदयाचा त्याच्याकरितां पद्धतशीर विचार होण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत डेव्हिड डेटवायलर व डोनल्ड पॅटर्सन यांनीं दवाखान्यांत येणारे हजारों कुत्रे तपासले, आणि सुमारें दहांत एकाला हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असतो असें त्यांना आढळलें. ज्या प्राण्याला तीनशें वर्षें केवळ साधन म्हणून हाताळलें, तो स्वतःच रोगी आहे हें तेव्हां कोठें आंकड्यांनीं सिद्ध झालें.

परभणीपर्यंत ही विद्या येण्यास आणखी काळ लागला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना १९७२ सालीं परभणीस झाली, आणि पशुवैद्यक महाविद्यालयहि तेथें त्याच वर्षीं निघालें. परळच्या महाविद्यालयानंतर शहाऐंशी वर्षांनीं ही विद्या मराठवाड्याच्या मातींत रुजली. येथेंहि पहिलें कर्तव्य गाईबैलांचें. लाल कंधारी आणि देवणी या गुरांचा हा मुलूख. दुष्काळांत ज्याचा बैल गेला त्याचें घरच बसलें. तरीहि त्या दारांतून बैलामागोमाग कुत्रेंहि आंत आलें, आणि देवगांव फाट्यावरील माणसाला त्याच्याकरितां मुंबई गांठण्याची गरज उरली नाहीं.

आतां या रोगाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं गेल्यास तें असें आहे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमध्यें एक पडदा असतो. लहान जातीच्या, वय झालेल्या कुत्र्यांत तो जाड व वेडावांकडा होत जातो आणि नीट मिटत नाहीं. मग प्रत्येक ठोक्यास थोडें रक्त मागें गळतें; नळीतून डॉक्टरांना जी घरघर ऐकूं येते ती याच गळतीची. वरचा कप्पा फुगतो, फुप्फुसांकडून येणारें रक्त तुंबतें, आणि शेवटीं फुप्फुसांत पाणी उतरून धाप लागते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत, विशेषतः डोबरमनमध्यें, बहुधा पडद्याऐवजीं हृदयाचा स्नायूच अशक्त होतो, आणि तो रोग मध्यम वयांतहि गांठतो. तुंबलेलें पाणी लघवीवाटे काढणारें फ्युरोसेमाइड, रक्तवाहिन्यांवरील ताण हलका करणारें एनालाप्रिल आणि हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारें पिमोबेंडन हीं या रोगावरील प्रमुख औषधें. हीं माणसांच्या वैद्यकांतून कुत्र्यांकडे आलीं. घेतलेली विद्या अशा रीतीनें परत दिली गेली.

या परतफेडींतील एक टप्पा मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखा आहे. पडद्याचा दोष आहे, हृदय मोठें झालें आहे, पण धाप अद्याप लागलेली नाहीं, अशा ३६० कुत्र्यांवर ११ देशांत पिमोबेंडनची परीक्षा झाली, आणि तिचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या कुत्र्यांचा हृदय निकामी होण्याचा काळ सरासरीनें सुमारें १५ महिने पुढें गेला. पंधरा महिने म्हणजे कुत्र्याच्या आयुष्याच्या मानानें थोडा काळ नव्हे. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, हे कुत्रे प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांतील नव्हते. ते कोणाच्या तरी घरचे होते. धन्याच्या संमतीनें तपासणीस येत आणि तपासणी झाल्यावर आपल्या घरीं जात. हार्वेच्या टेबलावरील कुत्रा माणसाच्या ज्ञानाकरितां मेला. हे कुत्रे कुत्र्यांच्याच आयुष्याकरितां तपासले गेले. प्रयोगशाळांतील इतर कुत्र्यांची गोष्ट मात्र अद्याप संपलेली नाहीं. भारतांत १९६० सालच्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानें अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तरतूद केली, ती त्या अपुऱ्या राहिलेल्या हिशेबाचीच कबुली म्हणावयाची.

शास्त्र येथवर आलें. यापुढचें काम घराचें. हा रोग बहुधा बरा होत नाहीं, सांभाळावा लागतो. गोळ्या ठरल्या वेळीं, जन्मभर. बरें दिसतें म्हणून आपल्या मनानें बंद करावयाच्या नाहींत. लघवीच्या औषधानें तहान वाढते, तेव्हां घरभर ओलें होतें म्हणून पाण्याचें भांडें उचलावयाचें नाहीं. पापड, लोणचें, फरसाण यांचा लाडानें दिलेला घांस मिठामुळें अपाय करतो. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर कुत्र्याला सर्वस्वीं वर्ज्य. परभणीच्या बाजूला मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. कुत्रें धापून अंग निववितें, आणि दुबळ्या हृदयाला तें धापणेंहि जड जातें. म्हणून फिरणें पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, आणि दुपारीं ओल्या फरशीची सावली. यांत खर्च आहे, जागरण आहे, आणि “एवढ्यांत शेळी आली असती” असें म्हणणाऱ्या शेजाऱ्याला उत्तर देणेंहि आहे. तो शेजारी दुष्ट असतो असें नाहीं. ज्या मुलखांत माणसाच्याहि औषधाला पैसा उसना आणावा लागतो, तेथें त्याचा प्रश्न खरा आहे. त्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक घरानें आपल्या ऐपतीप्रमाणें दिलें, तर त्यांत कोणाला दोष देतां येणार नाहीं. आणि औषध चालेनासें झाल्यावर पुढें काय करावें, हा निर्णय तर कोणतेंहि शास्त्र घराकरितां घेत नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें, कुत्र्याच्या यातना पाहून, तो घरानेंच घ्यावयाचा असतो.

तरीहि या सांभाळण्यांतील सर्वांत उपयोगाचें काम असें आहे कीं, त्याला एक पैहि लागत नाहीं. कुत्रें गाढ झोपलें असतांना त्याची छाती मिनिटांत किती वेळां वरखालीं होते, तें घड्याळ लावून मोजावयाचें आणि रोज वहींत टिपून ठेवावयाचें. एकदां वर, एकदां खालीं, हा एक श्वास. तिशीच्या आंत आंकडा असला म्हणजे बहुधा चिंता नाहीं. तो तिशीच्या वर जाऊन तेथेंच राहिला किंवा चढत गेला, तर फुप्फुसांत पाणी उतरूं लागल्याची शंका घ्यावी आणि सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांस कळवावें. जीभ-हिरड्या निळसर दिसणें आणि चालतां चालतां भोवळ येऊन पडणें या खुणाहि तशाच. मोठमोठ्या शहरांतील तज्ज्ञदेखील आज घरच्या मंडळींना हेंच मोजावयास सांगतात. त्याला परळ लागत नाहीं, परभणी लागत नाहीं.

हार्वेनें चारशें वर्षांपूर्वीं मरणाऱ्या कुत्र्याच्या उघड्या छातीकडे डोळे लावून हृदयाची गति मोजण्याचा यत्न केला. देवगांव फाट्यावरील एखाद्या घरांत आज रात्रीं कोणी कंदिलाएवढा लहानसा दिवा ठेवून, निजलेल्या कुत्र्याच्या मिटल्या छातीकडे पाहत श्वास मोजीत बसलें, तर तेंहि निरीक्षणच होय. परंतु तें त्या कुत्र्याकरितां आहे. बाहेर मंठ्याच्या रस्त्यानें मालमोटारी जात असतात. एरवीं त्यांच्या आवाजानें हें कुत्रें उठून भुंकलें असतें आणि घर निर्धास्त झोपलें असतें. आतां तें झोपतें, आणि घरांतील कोणीतरी जागें राहतें. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. वहींत आंकडा मांडला जातो, आणि दिवा मालवला जातो.